डिथमार्शनचा घोडेस्वार: ज्यांनी सरदारांना चिखलात लोळवलं, त्यांच्याच ढालीवर सरदार

एल्बेकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एल्बे नदी उत्तर समुद्राला मिळते तिथून वर आयडर नदीपर्यंतचा जो सपाट पट्टा आहे, तो डिथमार्शन जिल्हा. जर्मनीच्या श्लेसविग-होल्श्टाइन राज्यातला, जवळजवळ पूर्ण शेतीचा. क्षेत्रफळ साधारण १,४०० चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या वर, जिल्ह्याचं ठिकाण हाइडे. पवनचक्क्यांच्या कामामुळे मी गेली काही वर्षं इथे राहतोय. जिल्हा कचेरीतून पत्र आलं की त्यावर जिल्ह्याचं मानचिन्ह असतं: लाल ढाल, त्यावर चौखूर उधळलेला पांढरा घोडा, घोड्यावर चिलखत घातलेला स्वार आणि त्याच्या हातात उगारलेली तलवार.

बघणाऱ्याला वाटतं, असेल इथला कुणी पराक्रमी सरदार. पण डिथमार्शनमध्ये सरदार नव्हतेच. शेकडो वर्षं नव्हते. सगळ्या युरोपात राजे, ड्यूक आणि जहागीरदार यांचं राज्य चालू असताना इथले शेतकरी स्वतःचा कारभार स्वतः बघत होते. नावाला ते ब्रेमेनच्या आर्चबिशपच्या छत्राखाली होते, पण तो लांब होता आणि त्याचा हुकूम इथे फारसा चालत नव्हता. समुद्र मागे हटवून, बांध घालून त्यांनी जमीन मिळवली होती. बांध टिकवायचा तर सगळ्या भावकीने एकत्र राबावं लागे, आणि त्या भावक्यांमधूनच त्यांचं राज्य उभं राहिलं. १४४७ मध्ये त्यांनी आपला कायदा लिहून काढला आणि ४८ जणांचं मंडळ नेमलं. हे अठ्ठेचाळीस जण न्यायही करत आणि कारभारही. बैठका हाइडेच्या बाजारपटांगणात भरत. साडेचार हेक्टरांहून मोठं ते पटांगण आजही तसंच मोकळं आहे आणि शनिवारचा बाजार अजून तिथेच भरतो.

शेजारच्या राजांना हे कसं रुचणार? १५०० सालच्या फेब्रुवारीत डेन्मार्कचा राजा हान्स आणि त्याचा भाऊ ड्यूक फ्रेडरिक मोठी फौज घेऊन चालून आले. फौजेच्या पुढे होती ‘काळी पलटण’, म्हणजे पगारी लढवय्यांची त्या काळातली सगळ्यात धाक असलेली टोळी. मागे चिलखतातले घोडेस्वार सरदार, तोफा आणि लुटीसाठी आणलेल्या गाड्या. त्यांनी मेल्डॉर्फ गाव घेतलं, तिथे कत्तल केली आणि १७ फेब्रुवारीला हाइडेकडे निघाले.

थंडी मोडून बर्फ वितळत होतं. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना पाण्याचे चर. हेमिंगश्टेट गावाजवळ शेतकऱ्यांनी रातोरात रस्त्यावर मातीचा बुरूज घातला. त्यांचा म्होरक्या म्हणून वुल्फ इझेब्रांट याचं नाव घेतात. मग समुद्राच्या बांधातली दारं उघडून त्यांनी पाणी आत घेतलं. तोफा चिखलात रुतल्या. घोड्यांना वळायला जागा उरली नाही. चिलखताच्या वजनानं सरदार उठू शकेनात. आणि हे शेतकरी मात्र लांब काठ्यांवर उड्या मारत चर ओलांडून येत होते, कारण रोज शेतात जाताना ते तेच करायचे. ‘सांभाळ रे पलटणी, शेतकरी आला!’ अशा अर्थाची त्यांची आरोळी आजही इथे सगळ्यांना पाठ आहे. काळ्या पलटणीचा नायक पडला, होल्श्टाइनमधल्या कितीतरी घराण्यांचे कर्ते पुरुष पडले, डेन्मार्कचा झेंडा दानेब्रोग शेतकऱ्यांच्या हाती लागला. राजा आणि त्याचा भाऊ कसेबसे निसटले.

आता पुन्हा त्या ढालीकडे बघा. ज्यांची सगळी कीर्ती चिलखतातल्या घोडेस्वारांना हरवण्यात आहे, त्यांच्याच मानचिन्हावर चिलखतातला घोडेस्वार!

याचं उत्तर १५५९ मध्ये आहे. त्या वर्षी डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक आणि होल्श्टाइनचे दोन ड्यूक, आडोल्फ आणि योहान, एकत्र चालून आले. सेनापती योहान रांत्साउ म्हातारा होता पण मुरलेला. या वेळी हवा कोरडी होती आणि त्यानं अरुंद रस्त्याची चूक केली नाही. जूनमध्ये डिथमार्शनकरांनी शरणागती पत्करली. शस्त्रं, सनदा आणि १५०० मध्ये जिंकलेले झेंडे सगळं परत द्यावं लागलं. राजाच्या किताबांत ‘डिथमार्शनचा स्वामी’ ही भर पडली. प्रत्येक मुलखासाठी राजाच्या ढालीत एक खण असे, तसा या नव्या मुलखासाठीही एक खण लागला, आणि त्या खणात हा घोडेस्वार आला.

शेतकऱ्यांच्या स्वतःच्या राज्याचा शिक्का वेगळा होता. त्यावर मेरीमाता होती. तीच त्यांची रक्षणकर्ती. हेमिंगश्टेटच्या लढाईआधी त्यांनी तिला मठाचा नवस बोलला होता आणि जिंकल्यावर फेडलाही. म्हणजे आजचं चिन्ह हे जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या दारावर लावलेलं चिन्ह आहे.

माझं मत आधीच सांगतो. स्वार पुसू नये. पण त्याची हकीकत न सांगता नुसतं चित्र छापत राहणंही बरोबर नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

रानजाई

फार सुंदर धागा. मला या ढालींचं काही कळत नाही, म्हणून आधी साधा प्रश्न. घोडा आपल्या डावीकडे तोंड करून पळतोय. याला काही अर्थ असतो का?

---

एल्बेकाठ

असतो, ताई. ढाल बघणाऱ्याच्या बाजूने वाचायची नसते, ती धरणाऱ्याच्या बाजूने वाचायची. ढालीमागे उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आपली डावी ती त्याची उजवी होते. उजवी बाजू मानाची आणि पुढे जाण्याची. म्हणून प्राणी, स्वार, पक्षी सगळे त्या बाजूला बघतात. उलटं तोंड केलेला प्राणी दिसला तर त्यामागे काहीतरी खास कारण असतं.

रंगांचाही नियम आहे. सोनेरी आणि रुपेरी (म्हणजे पिवळा आणि पांढरा) हे धातू मानतात, आणि लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. लालवर पांढरा घोडा याच नियमात बसतो. लढाईच्या धुरळ्यात शंभर पावलांवरून ओळखू यावं हा त्याचा मूळ हेतू.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मानचिन्ह खरं म्हणजे चित्रात नसतं, ते शब्दांत असतं. ‘लाल ढालीवर पांढरा उधळता घोडा, त्यावर तलवार उगारलेला चिलखती स्वार’ हे वर्णन पक्कं. त्यावरून कोणीही चित्रकार आपल्या हाताने काढू शकतो. घोड्याची शेपटी कशी उडते, स्वाराच्या शिरस्त्राणावरचा तुरा कुठे झुकतो, हे त्याच्या मर्जीचं. म्हणून एकाच जिल्ह्याचा स्वार दोन इमारतींवर थोडा वेगळा दिसतो आणि दोन्ही बरोबर असतात.

---

खारवट

मी रायगडचा, खारजमिनीवाला. तुम्ही जे लिहिलंय ना, दारं उघडून पाणी आत घेतलं, ते वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे बांधातल्या त्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं. उघाडी मोडली किंवा बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात येतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात पिकत नाही. आपल्या हातानं आपलीच जमीन खारवून लढणं म्हणजे काय, हे बांधावर राबलेल्यालाच कळेल.

त्यांची पुढची पिकं गेली असतील का?

---

एल्बेकाठ

दादा, नेमकी बाजू धरलीत. इथेही तीच रचना. सखल, चिकट मातीची समुद्राकडची जमीन वेगळी आणि आतली उंच, रेताड जमीन वेगळी. सखल भागात बांधून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याला ‘कोग’ म्हणतात. जिल्ह्याच्या नकाशावर किनाऱ्याकडची पुष्कळ गावं कोगच्या नावाची आहेत. जुनी घरं माणसांनी भर घालून उंच केलेल्या टेकाडांवर आहेत, कारण बांध फुटला तर तेवढंच कोरडं राहायचं.

फेब्रुवारीचा महिना होता, शेतात उभं पीक नव्हतं. पण खारं पाणी मुरलेल्या मातीची किंमत त्यांना ठाऊक होतीच. लढाईच्या जागेवर १९०० मध्ये, चारशे वर्षं झाली तेव्हा, मोठ्या दगडांचं स्मारक उभारलं. त्यावर तीच आरोळी कोरली आहे, स्थानिक बोलीत. आजूबाजूला सपाट शेतं आणि चर. चरांची रुंदी बघितली की काठीवरून उडी मारल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही हे लगेच पटतं.

---

सातबारा

माझं मत धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे. हे चिन्ह काढून टाकलं पाहिजे. जिंकणाऱ्यानं ठोकलेला शिक्का आहे तो. ज्यांनी मेल्डॉर्फची कत्तल केली त्यांच्या वारसांनी दिलेलं चित्र तिथल्या शेतकऱ्यांच्या नातवंडांनी अभिमानानं मिरवायचं? मेरीमातेचा जुना शिक्का मिळतोय ना? तोच परत आणा. हरलेल्यांचं स्वतःचं चिन्ह असताना परक्याचं कशाला?

---

जुनीनाणी

धागा बघून थांबवेना. डेन्मार्कच्या राजचिन्हाची बाजू मी सांगतो, माझा नाण्यांचा नाद असल्याने हे सतत समोर येतं.

डेन्मार्कच्या राजांच्या ढालीत पुष्कळ खण होते. त्यांत होल्श्टाइनचं नेटल या खाजऱ्या झाडाचं पान, श्टॉर्मार्नचा हंस (गळ्यात मुकुट अडकवलेला), लाउएनबुर्गचं घोड्याचं डोकं, डेल्मेनहोर्स्टचा क्रूस आणि डिथमार्शनचा हा घोडेस्वार. डेल्मेनहोर्स्ट डेन्मार्कच्या हातून १७७३ मध्येच गेलं होतं. १८६४ च्या युद्धात बाकीचे जर्मन मुलूखही गेले आणि पुढे प्रशिया या जर्मन राज्याने ते जोडून घेतले, तरी राजाच्या ढालीतले खण तसेच राहिले. शंभर वर्षांहून जास्त काळ डेन्मार्कचा राजा हातून गेलेल्या मुलखांची चित्रं मिरवत होता. १९७२ मध्ये राणी मार्ग्रेथे दुसरी गादीवर आली, तिनं हे जुने किताब सोडले आणि ढालही सुटसुटीत केली. तेव्हा घोडेस्वार, हंस आणि घोड्याचं डोकं तिथून गेले.

आता गंमत बघा, अगदी मनापासून सांगतो, मला हे फार हृद्य वाटतं. राजाच्या ढालीतून गेलेली ती तीनही चित्रं आज तीन जर्मन जिल्ह्यांच्या ढालींवर जिवंत आहेत. श्टॉर्मार्न जिल्ह्याचा हंस, लाउएनबुर्ग जिल्ह्याचं घोड्याचं डोकं आणि डिथमार्शनचा स्वार. तिन्ही लाल ढालीवर पांढरे. राजानं सोडली, जिल्ह्यांनी ठेवली.

म्हणून सातबारा, माझा प्रश्न असा: मालकानं सोडून दिलेली वस्तू ज्याने सांभाळली, ती त्याची होत नाही का?

---

रानजाई

लिथुआनियाच्या राजचिन्हावरही लालवर पांढरा घोडेस्वार असतो ना? काही नातं आहे का? आणि हा संत जॉर्ज तर नाही?

---

जुनीनाणी

नातं नाही. लिथुआनियाचा स्वार १४व्या शतकापासून तिथल्या महाराजांच्या शिक्क्यांवर आहे. ओळखायची खूण सोपी: त्याच्या दुसऱ्या हातात निळी ढाल असते आणि ढालीवर दोन आडव्या दांड्यांचा सोनेरी क्रूस. डिथमार्शनच्या स्वाराकडे तो क्रूस नाही. चिलखती स्वार ही त्या काळच्या सत्तेची सर्वसाधारण भाषा होती. शिक्क्यावर राजा स्वतः घोड्यावर बसलेला दाखवायची रीत सगळीकडे होती.

संत जॉर्ज म्हणणारेही आहेत. पण जॉर्ज म्हटला की भाला आणि घोड्याच्या पायाखाली राक्षसी सर्प हवा. इथे दोन्ही नाही.

---

एल्बेकाठ

जॉर्जबद्दल माझा तर्क असा आहे, आणि तो तर्कच समजा. लोकांना आपल्या ढालीवर परक्याचा सरदार आहे हे बोचत असणार. त्याला संत म्हटलं की बोच कमी होते. शिवाय १५३० नंतर इथे ल्यूथरचा (प्रोटेस्टंट) पंथ आला, मेरीमातेची पूजा मागे पडली. त्या पंथबदलाची सुरुवातही इथे रक्तानं झाली. हाइन्रिश फॉन झ्युटफेन हा धर्मोपदेशक नव्या पंथाचं सांगायला मेल्डॉर्फला आला आणि १५२४ च्या डिसेंबरात हाइडेला त्याला जाळलं. दहा वर्षांच्या आत तोच मुलूख ल्यूथरचा झाला. त्यामुळे १५५९ मध्ये मेरीचा शिक्का राखायला भांडणारा जोर डिथमार्शनकरांकडेही फारसा उरला नसावा.

सातबारा, जुना शिक्का परत आणायला म्हणूनच अडचण आहे. तो शिक्का ज्या श्रद्धेचा होता ती श्रद्धा हरण्याच्या आधीच बदललेली होती.

---

सातबारा

श्रद्धा बदलली म्हणून शिक्का परका होत नाही. शिक्का राज्याचा असतो. त्या शिक्क्याखाली अठ्ठेचाळीस जणांनी कायदा चालवला. तुमचा मुद्दा समजला, पण पटला नाही.

---

विश्वामित्रीकाठ

बडोद्याहून लिहितेय. जिंकणाऱ्यानं दिलेल्या ढालींचा विषय निघालाय तर आपल्या घरातलं उदाहरण आहे. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटननं दिल्लीत दरबार भरवला, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला. तेव्हा संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण दिलं आणि त्यावर युरोपी पद्धतीची ढाल होती. या ढाली रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी सेवेतल्या इंग्रज अधिकाऱ्यानं रचल्या, नव्वदच्या आसपास. निशाणं तयार करण्याच्या कामात लॉकवुड किपलिंग (लेखक रुडयार्ड किपलिंगचे वडील) होता. आमचे सयाजीराव त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचे, दत्तक येऊन दोनच वर्षं झालेली, तेही त्या दरबाराला होते.

ज्या घराण्यांचे स्वतःचे शिक्के, मोर्चेलं, जरीपटका, निशाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यांना परक्या अधिकाऱ्यानं ढाल आखून दिली. पुढे तीच ढाल राजवाड्याच्या फाटकांवर, संस्थानच्या कागदांवर आली आणि लोकांनी ती आपली मानली. ग्वाल्हेरच्या ढालीवरचे नाग बघितले की कुणालाही शिंदेच आठवतात, टेलर कुणाला आठवतो?

म्हणून मी एल्बेकाठ यांच्या बाजूची आहे. चिन्ह राहू दे, पण ते कुणी, कधी, कोणत्या प्रसंगी दिलं, हे मुलांना शाळेत सांगा.

---

भाजीमंडई

एक वेगळा प्रश्न. डिथमार्शन म्हणजे कोबीचा जिल्हा असं ऐकलं होतं. ढालीवर कोबी का नाही? शेतीचा जिल्हा आहे तर पीक हवं की.

---

एल्बेकाठ

ऐकलंय ते खरं. सलग कोबीची एवढी मोठी लागवड युरोपात दुसरीकडे नाही असं इथे अभिमानानं सांगतात. वर्षाला आठ कोटींच्या आसपास गड्डे निघतात. समुद्रावरचा वारा सतत असल्याने कीड कमी बसते आणि जड माती पाणी धरून ठेवते. पण ही लागवड जुनी नाही. १८८९ मध्ये वेसेलबुरेन गावात एडुआर्ड लास या माळ्यानं कोबी लावून बघितला, तिथून हे सुरू झालं. ढाल त्याच्या तीनशे वर्षं आधीची. १९८७ पासून दर सप्टेंबरात कोबीचा उत्सव भरतो, पहिला गड्डा समारंभानं कापतात. कोबीचा मान तिथे होतो.

ढालींवर पिकं, नांगर, मासे दिसतात ते बहुतेक २०व्या शतकात नव्याने केलेल्या ढालींवर. शेजारच्या उत्तर फ्रिसलँड जिल्ह्याच्या ढालीवर तीन सोनेरी जहाजं आहेत आणि त्यांच्या शिडांवर नांगर, मासा आणि बैलाचं डोकं. तीन जुने जिल्हे १९७० मध्ये एकत्र आले, म्हणून तीन जहाजं. डिथमार्शनही त्याच वर्षी दोन जिल्ह्यांचा मिळून झाला, पण इथे नवं काही शोधावं लागलं नाही. स्वार आधीपासूनच दोघांचा होता.

यातच सातबारांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे. १५५९ नंतर मुलूख आधी तिघांत वाटला, आणि १५८१ पासून दोघांत: उत्तरेकडचा भाग गोटॉर्फच्या ड्यूककडे, दक्षिणेकडचा डेन्मार्कच्या राजाकडे. ती वाटणी थेट १९७० पर्यंत उत्तर आणि दक्षिण डिथमार्शन असे दोन जिल्हे म्हणून टिकली. जवळजवळ चारशे वर्षं दोन घरं झालेल्या मुलखात दोन्हीकडे सारखं असलेलं चिन्ह म्हणजे हा स्वार. ज्याला त्यांना एका मालकाखाली आणायचं होतं, त्याचंच चित्र पुढे ‘आपण मूळचे एक’ हे सांगायला उपयोगी पडलं.

आणि हरूनही ते दबले नाहीत. गावकारभाराचे कितीतरी हक्क त्यांनी राखले. होल्श्टाइनच्या पूर्व भागात शेतकरी जमीनदाराचा वेठबिगार झाला, इथे तसं झालं नाही. लुंडेन गावाच्या चर्चशेजारी भावक्यांचं जुनं दफनस्थान आहे. उभ्या आणि आडव्या मोठाल्या शिळा, त्यांवर शेतकरी कुळांच्या ढाली कोरलेल्या. वाऱ्यापावसानं कडा झिजल्यात, बोट फिरवून रेघ शोधावी लागते. तिथेच पेटर स्विनची शिळा आहे. तो अठ्ठेचाळिसांपैकी एक, १५३७ मध्ये भावकीच्या वैरातून मारला गेला. राजानं दिलेली ढाल नसली तरी या लोकांकडे ढाली होत्या, आणि त्या त्यांनी स्वतः घेतलेल्या होत्या.

---

खारवट

म्हणजे आमच्याकडे बांधाची पाळी जशी घराघरांत वाटलेली असते तशी त्यांच्याकडे भावकीनं. मग ढाल भावकीची असणारच. लुंडेनच्या शिळांवर कुठली चित्रं आहेत ते जमलं तर लिहा.

---

शेतबंदर

एल्बेकाठ, तुम्ही मेल्डॉर्फ लिहिलंत आणि एक नाव लिहिलं नाहीत, ते मी लिहितो. कार्स्टन नीबूर.

मंडळी, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेऊन, नकाशा आणि मूर्तींची रेखाटनं काळजीपूर्वक छापणाऱ्या पहिल्या युरोपी माणसांपैकी हा एक. डेन्मार्कच्या पाचव्या फ्रेडरिक राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात सहा जणांची मोहीम पाठवली. येमेनमध्ये हिवतापानं एकेक जण गेला. मोहिमेचा चित्रकार मुंबईच्या वाटेवर समुद्रातच वारला, डॉक्टर १७६४ मध्ये मुंबईत वारला. उरला एकटा नीबूर, जमीन मोजणारा. १७६३ ते १७६४ तो मुंबईत होता, सुरतेलाही जाऊन आला आणि घारापुरीला पुन्हा पुन्हा गेला. परतीच्या वाटेवर इराणमधल्या पर्सेपोलिसच्या शिलालेखांच्या त्यानं ज्या नकला केल्या, त्यांवरून पुढे कीलाक्षर लिपी वाचायचा रस्ता सापडला.

आणि हा माणूस १७७८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत, मेल्डॉर्फला दक्षिण डिथमार्शनचा सरकारी कारभारी होता! प्रवासवर्णनाचा घारापुरी असलेला दुसरा खंडही १७७८ मध्येच निघाला.

---

एल्बेकाठ

शेतबंदर, मनापासून आभार. मी त्याच्यावर वेगळा धागा काढणार होतो म्हणून राखून ठेवलं होतं, पण इथेच ते जास्त शोभतं. कारण ज्या राजानं नीबूरला पाठवलं त्याच्या ढालीतही डिथमार्शनच्या स्वाराचा खण होता. हीच ढाल तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीच्या डॅनिश वखारीच्या मालकांची. १६२० पासून १८४५ पर्यंत ती वखार डेन्मार्ककडे होती आणि तिचा सालिना खंड तंजावरच्या दरबारात जमा व्हायचा, म्हणजे १६७५ नंतर आपल्या भोसल्यांच्या दरबारात. शेतकऱ्यांना जिंकून मिळवलेलं चित्र राजाच्या चिन्हात बसून कुठवर पोहोचलं ते बघा.

मेल्डॉर्फला जुन्या बाजाराच्या मधोमध विटांचं मोठं चर्च आहे, आणि गावात डिथमार्शनचं संग्रहालय. कोणी हांबुर्गला आलं तर रेल्वेनं हाइडे-मेल्डॉर्फ एका दिवसात होतं. हेमिंगश्टेटचं स्मारक दोन्हींच्या मधे आहे, तिथे सायकलनं जावं.

---

सातबारा

नीबूरचं वाचून आनंद झाला. तरी माझी मागणी अर्धी तरी मान्य करा. स्वार ठेवायचा तर ठेवा, पण जिल्हा कचेरीत त्याच्या शेजारी मेरीमातेचा शिक्काही लावा, तेवढ्याच आकाराचा. एकट्या जिंकणाऱ्याचं चित्र नको.

---

एल्बेकाठ

हे मला पूर्ण मान्य आहे. जिल्हा कचेरीला पत्र लिहायला घेतलंय. दोन्ही चित्रं शेजारी असावीत आणि खाली एवढा मजकूर असावा असं सुचवतोय: ‘डावीकडे डिथमार्शनच्या शेतकऱ्यांनी आपल्या राज्यासाठी वापरलेला शिक्का. उजवीकडे १५५९ मध्ये हे राज्य जिंकणाऱ्या राजाने या मुलखासाठी घेतलेलं चिन्ह, जे १९७० पासून एकत्र आलेल्या जिल्ह्याचं आहे.’ जर्मन मसुदा शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई तपासून देणार आहेत. त्यांचं म्हणणं, हेमिंगश्टेटचं सालही त्यात हवं. मला ते पटतंय. कुणाला आणखी काही सुचवायचं असेल तर रविवारपर्यंत इथे लिहा. खारवट दादा, लुंडेनला पुढच्या आठवड्यात जातोय, शिळांवरची चित्रं बघून वेगळ्या प्रतिसादात टाकतो.